मुठीतले बी

बी हा शब्द मराठीत केवढा लहान आहे! एका अक्षरात आटोपतो. पण शेतकऱ्याच्या घरात सबंध वर्ष त्या एका अक्षराभोवती फिरत असते. भाऊबीजेतली बीज निराळी, ती चंद्राची. तरी आमच्या बाजूला या दोन बिजांची गाठ दरवर्षी पडते. करंज्यांना मुरड घालता घालता बायका एकमेकींना विचारतात, "हरभरा पेरून झाला का?" फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडून बसलेल्या वाचकांना हा विषय जरा कोरडा वाटेल. पण त्या ताटातल्या प्रत्येक पदार्थाची सुरुवात कुणाच्या तरी मुठीत झालेली असते, आणि ती मूठ बहुधा बाईची असते.

मी तेलगावची. जन्माची अंबाजोगाईची, पण लग्न होऊन इथे आले त्याला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तेलगाव हे बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातले चौरस्त्याचे गाव. बीडहून परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरला जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. शेजारी साखर कारखाना आहे. ऊस आहे, कापूस आहे, सोयाबीन आहे. चौकात उभे राहिले की खते, औषधे आणि बियाणे यांच्या दुकानांच्या पाट्या दिसतात. पैसे असतील तर या चौकात सर्व काही मिळते. मिळत नाही ते एकच, घरचे बी.

मी सून म्हणून आले तेव्हा आमच्या माळवदाच्या घरात, देवघराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, एक उतरंड होती. खाली मोठा डेरा, त्यावर मडके, त्यावर गाडगे, अशी ती आढ्यापर्यंत गेलेली. तिला हात लावण्याचा अधिकार फक्त आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना होता. दागिन्यांच्या डब्याची किल्ली त्यांनी पहिल्याच वर्षी माझ्या हाती दिली. उतरंड मात्र सात वर्षांनी दिली. मी शाळेत शिकवणारी. पोरांना फळ्यावर बियांची आकृती काढून दाखवायची, अंकुर कुठून फुटतो ते खडूने सांगायचे. आत्याबाईंना आकृती ठाऊक नव्हती. पण राखेत ठेवलेल्या तुरीला किडा लागत नाही, हुलग्यात कडुनिंबाचा पाला किती घालावा, वाळकाचे बी शेणात कालवून भिंतीला का थापावे, हे सारे त्यांच्या बोटांना माहीत होते.

ज्वारी हुरड्यात आली की त्या शेतात जायच्या आणि काढणीच्या आधीच कणसे निवडायच्या. नुसते मोठे कणीस त्यांना चालत नसे. शेजारची ताटे आडवी झाली असता जे ताट उभे राहिले, त्याचे कणीस त्या घेत. मला सांगत, "पोरी, दाणा काय, बाजारात बी भेटतो. ताटाचा कणा बघावा." ती कणसे घरी येऊन तुळईला टांगली जायची आणि पुढच्या पेरणीपर्यंत चुलीचा धूर खायची. आज कृषी विद्यापीठांत याला निवड पद्धत म्हणतात. मोहोळच्या संशोधन केंद्रावर शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांच्या रब्बी ज्वारीतून निवडलेली मालदांडी अशाच पारखीची थोरली बहीण आहे. तिच्या भाकरीवर आजही मराठवाडा जगतो.

नवरात्रातल्या घटाची गोष्टही आत्याबाईंनीच मला उलगडून दाखवली. घट बसवताना शेतातली काळी माती आणायची, तिच्यात ज्वारी, गहू, हरभरा, करडई, जवस अशी घरची धान्ये पेरायची आणि नऊ दिवस पाणी शिंपायचे. दसऱ्याला पोपटी-पिवळे तुरे पुरुषांच्या टोपीत खोवायचे. मी ते देवीचे म्हणून करीत होते. आत्याबाई देवीला हात जोडून झाले की वाकून प्रत्येक धान्याचे कोंब न्याहाळत. कोणते धान्य दाट उगवले, कोणते विरळ, हे पाहून रब्बीला कोणते मडके उघडायचे ते ठरे. अशी परीक्षा देवीसमोर घेतली जाई, म्हणून तिच्यात लबाडीही नसे.

ही उतरंड कशी ओसरली याचा दोष एका कुणाला देता येणार नाही. भारतातली पहिली संकरित ज्वारी, सी. एस. एच.-१, ही १९६४ साली आली. संकरित वाण म्हणजे दोन निराळ्या वाणांचे पहिले लेकरू. ते अंगापिंडाने जोमदार असते; पण त्याचे दाणे राखून पुढच्या वर्षी पेरले तर एक ताट आजोबांवर जाते, दुसरे आजीवर, आणि शिवार एकसारखे येत नाही. म्हणून दरवर्षी नवी पिशवी घ्यायची. त्या ज्वारीने पोटे भरली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. खडी फोडायच्या कामावरची सुकडी आणि रेशनची तांबडी मिलो मी खाल्ली आहे. ज्यांनी ती खाल्ली ते कोणत्याच दाण्याला नावे ठेवत नाहीत. पुढे २००२ साली बीटी कापूस आला, मग सोयाबीनने शिवारे व्यापली. एकेक मडके रिकामे झाले. रिकाम्या मडक्यात कुणी खिळे ठेवले, कुणी विजेची बिले.

याची किंमत आम्हांला २०२० च्या जूनमध्ये कळली. मराठवाड्यात त्या खरिपात कित्येक शेतांत विकतचे सोयाबीन उगवलेच नाही. आमच्या दोन एकरांतही पिशवीतले बी मातीतल्या मातीत कुजून गेले. तक्रारींचा असा ढीग झाला की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. वास्तविक सोयाबीन हे काही संकरित पीक नव्हे. त्याचे बी घरी राखता येते. कृषी खातेच आता सांगत असते की घरचे सोयाबीन निवडा, त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले तर बिनधास्त पेरा. मी ते ऐकले आणि मला घट आठवला. गोणपाटावर हळदकुंकू तेवढे नव्हते.

याच सुमारास मला राहीबाईंची ओळख झाली. प्रत्यक्ष नव्हे; आमच्या घरातल्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. २०२१ च्या नोव्हेंबरातली आठ तारीख, भाऊबीज होऊन दोनच दिवस झालेले. कोरोनामुळे लांबलेला २०२० च्या पद्म पुरस्कारांचा समारंभ राष्ट्रपती भवनात चालला होता. नाव पुकारले गेले आणि डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, आमच्या शिवारात खुरपायला येणाऱ्या कुठल्याही बाईसारखी, राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. राहीबाई सोमा पोपेरे, पद्मश्री. माझी नात म्हणाली, "आजी, ह्या बाईंनी काय शोध लावला?" मी म्हटले, "काही नवा शोध लावला नाही गं. जे हरवत होतं ते हरवू दिलं नाही."

राहीबाई अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या. जिल्हा आताचा अहिल्यानगर, तेव्हाचा अहमदनगर. कळसूबाईचे शिखर याच तालुक्यात आहे. त्या महादेव कोळी समाजाच्या. शाळेची पायरी त्या चढल्या नाहीत. जन्म १९६४ चा, म्हणजे पहिली संकरित ज्वारी आणि त्या एकाच वर्षाच्या लेकी! पावसावरची शेती आणि पावसाळा सरला की साखर कारखान्याच्या कामावर मजुरी, हे दिवस त्यांच्या घरानेही काढले. हे वाचले तेव्हा कोंभाळणे मला एकदम तेलगावच्या वेशीपाशी आल्यासारखे वाटले.

त्यांच्या कामाचे मूळ एका आजीच्या काळजीत आहे. नातू वरचेवर आजारी पडू लागला. राहीबाईंनी विचार केला की आपण लहानपणी असे आजारी पडत नव्हतो. मग ताटात काय बदलले? भाजी बदलली होती, तिच्यावरची फवारणी वाढली होती, आणि बी तर पार बदलले होते. त्यांनी वडिलांकडून ऐकलेल्या जुन्या वाणांचा शोध सुरू केला. आसपासच्या पाड्यांवरून, कुणाच्या कणगीतून, कुणाच्या परसातून मूठमूठ बी जमवले. वाल-घेवड्याच्या नाना जाती, काळभात आणि रायभोगासारखे भात, नागली, वरई, रानभाज्या. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बायफ या संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि त्यांच्या मातीच्या घरात बियाण्यांची बँक उभी राहिली. शंभराहून अधिक वाण तिथे नांदू लागले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना बियाण्यांची आई म्हटले. लोक बीजमाता म्हणू लागले. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घातले, २०१९ च्या महिला दिनी त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला.

पण बँक या शब्दाने आपली थोडी फसगत होते. बँकेत ठेवलेला पैसा पडून राहिला तरी व्याज मिळते. बी पडून राहिले की मरते. त्याला दर एकदोन वर्षांनी मातीत जावेच लागते. म्हणून राहीबाईंच्या बँकेची रीत उलटी आहे. शेतकऱ्याने बी न्यावे, पेरावे, आणि पीक आले की नेले त्याच्या दुप्पट परत आणून द्यावे. जितके वाटाल तितके वाढेल, असे आपण विद्येबद्दल म्हणतो. बियांबद्दल हे अक्षरशः खरे आहे. देशाचा कायदाही या रिवाजाच्या बाजूने आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, बदलून घेण्याचा, वाटण्याचा आणि छाप न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे.

मला मोलाचे वाटते ते याहून निराळे. राहीबाईंकडे विद्यार्थी येतात, शेतकरी येतात, शास्त्रज्ञ येतात. त्या नुसते बी हातावर ठेवीत नाहीत. हा वाल कोणत्या पावसाला टोकायचा, याचे कालवण कसे लागते, हा भात कुणाला खायला घालायचा, हे सारे त्या बियांसोबत देतात. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, म्हणून ठामपणे सांगते, याला शिकवणे म्हणतात. बी आणि त्याची हकिकत यांची ताटातूट झाली की उरतो तो नुसता दाणा.

ही ताटातूट कशी असते ते पाहायला दूर जायला नको. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला आणि वनीकरणाच्या माळांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ दिसते. आपण तिला सरपणाचे झाड समजतो. तिच्या मायदेशी तिथले आदिवासी बाभळीच्या कुळातल्या अनेक झाडांच्या शेंगा गोळा करीत, बी भाजून दळीत आणि त्या पिठाची भाकर करीत. कोणते बी खायचे, कोणते नाही, कोणत्या ऋतूत ते वेचायचे, हे तिथल्या आज्या सांगत. आज त्यांच्या लेकी-नाती शाळांतून आणि उद्यानांतून इतरांना तेच सांगतात. आपल्याकडे झाड आले, पण त्याच्याबरोबरची आजी आली नाही. म्हणून ते परके राहिले.

उलट ज्वारी पाहा. ती मूळची आफ्रिकेची; हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. मिरची आणि भुईमूग तर अमेरिकेकडून आलेले. दिवाळीच्या दिवसांत आमच्या बालाघाटाच्या डोंगरातून पाट्या भरभरून येणारे सीताफळ, ज्याला २०१६ साली बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, तेही अमेरिकेकडचेच. तरी ती सारी आपली झाली, कारण इथल्या बायकांनी त्यांना निवडले, राखले, त्यांचे पदार्थ केले, त्यांच्यावर गाणी रचली. देशी म्हणजे केवळ इथे जन्मलेले नव्हे. ज्याला इथल्या हातांनी वाढवले, ते देशी.

जगात बी राखण्याचे मोठे मोठे उद्योग आहेत. नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर बर्फाळ डोंगराच्या पोटात २००८ सालापासून जगभरची बियाणी साठवली जात आहेत. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला तेव्हा वाव्हिलोव्ह या शास्त्रज्ञाने जमवलेल्या बियाण्यांच्या संग्रहापाशी त्याचे सहकारी भुकेने मेले, पण पोत्यांतले धान्य त्यांनी खाल्ले नाही. वाव्हिलोव्ह स्वतः १९४३ साली तुरुंगात उपासमारीने गेला. त्या माणसांपुढे मान आपोआप लवते. तरीही मनात येते की बर्फातले बी सुरक्षित असते, पण ते बोलत नाही. शेतात दरवर्षी पेरले गेलेले बी त्या त्या वर्षाचे ऊन-पाऊस अंगात मुरवीत पुढे जाते. तिजोरी हवीच; पण उतरंडही हवी.

आणि उतरंडीला सांभाळणारे माणूस घरात हवे. इथे आमच्या तेलगावच्या आणि एकंदर बीड जिल्ह्याच्या दुखण्याशी गाठ पडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते. उचल घेतलेली जोडपी, नवरा-बायको मिळून ज्यांना एक कोयता म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. सहा महिने घराला कुलूप. धूर नाही म्हणून कणसांना कीड, मांजर नाही म्हणून उंदीर. देशी बी का गेले याची कारणे सांगताना आपण कंपन्यांची, सरकारची, बाजाराची नावे घेतो. बंद दारांचे नाव कुणी घेत नाही. ज्या बाईला स्वतःच्या चुलीपाशी वर्षभर राहता येत नाही, तिने बी राखावे तरी कुठे?

आमच्या आळीतली एक शेजारीण दरवर्षी अशीच जाते. चार वर्षांपूर्वी निघण्याच्या आदल्या रात्री ती माझ्याकडे आली. पदराखालून तिने तीन पुरचुंड्या काढल्या. एकीत दोडका, एकीत वाळूक, एकीत अंबाडी. म्हणाली, "बाई, एवढं तुमच्या फळीवर ऱ्हाऊ द्या. सासूच्या हातचं हाये. घराला कुलूप लागलं की उंदीर मालक होतोय." मी घेतल्या. ती दाराशी थांबली आणि परत वळून म्हणाली, "आन् औंदा मला यायला उशीर झाला, तर तुम्हीच टोका. माझी वाट नका बघू." आपण परत येऊ की नाही, याची खात्री नसलेल्या माणसाचे ते बोलणे होते, उसाच्या फडात साप असतो, रात्रीच्या वाहतुकीत अपघात असतात. तिने सोन्याचा मणी ठेवायला दिला असता तर मला इतके ओझे वाटले नसते.

ती पाडव्यानंतर सुखरूप आली. पण तोवर गोष्ट आळीत पसरली होती. पुढच्या दसऱ्याला चौघी आल्या, नंतर नऊ. कुणी हुलगे आणले, कुणी लाल चवळी, कुणी शेंदाडाचे बी. एकीने लाह्यांची ज्वारी आणली, जी गेल्या वीस वर्षांत मी पाहिली नव्हती. मी खिळे आणि बिले काढून मडकी धुतली, उन्हात तापवली, राख चाळून ठेवली. प्रत्येक मडक्यावर चिठ्ठी आहे. कुणाचे बी, कोणत्या महिन्यात टोकायचे, कशाबरोबर शिजवायचे. अंबाडीच्या चिठ्ठीवर ज्वारीच्या कण्या घालायला विसरू नये असे लिहिले आहे. हुलग्याच्या चिठ्ठीवर माडग्याची कृती आहे. ज्यांना वाचता येत नाही त्या तोंडाने सांगतात, आणि मागे राहिलेल्या त्यांच्या मुली लिहून घेतात. पाडव्याला बायका आपापले बी नेतात आणि मूठभर माझ्याकडे ठेवतात. ही काही संस्था नव्हे. तिला नावही नाही.

या नवरात्रात माझ्या घटातले सातही धान्ये या बायकांची होती. करडई सोडली तर सगळी दाट उगवली. करडई विरळ आली, म्हणून तिचे बी मी दुसऱ्या गावाहून मागवले आहे.

वाचकहो, या दिवाळीत आपल्यापैकी पुष्कळजण गावी जातील. फराळ होईल, फटाके होतील, अंगणात पणत्या लागतील. त्यात तासभर काढा आणि घरातल्या, नाहीतर भावकीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा. तिच्याकडे एक मूठ बी मागा. ते कधी पेरायचे, कसे शिजवायचे, तिला ते कुणी दिले, हे विचारा आणि लिहून घ्या. शहरात अंगण नसेल तर कुंडीत एक वेल चढतो. त्या एका वेलाला दहा घरांना पुरेल इतके बी धरते.

आमची शेजारीण या आठवड्यात निघेल. तिच्या पुरचुंड्या काल आल्या आहेत. यंदा तीन नाहीत, पाच आहेत.